जनानी तानपुरा विमानाने कॅनडाला न्यायचा आहे

खर्जपंचम:
मुलीसाठी मिरजेत करवून घेतलेला जनानी (स्त्रियांच्या आवाजासाठीचा) तानपुरा येत्या जानेवारीत मुंबईहून टोरंटोला न्यायचा आहे. मागच्या खेपेस मऊ खोळीत घालून, वर ‘नाजूक’ अशी चिठ्ठी डकवून दिलेला तानपुरा पट्ट्यावर आला, तेव्हा त्याचा भोपळा अंड्याच्या टरफलासारखा तडकला होता. या वेळी फायबरची पेटी घेतली आहे. तरी तारा किती उतरवाव्यात आणि पेटीत काय भरावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जोडतंबोरा:
पेटी कडक असली तरी भोपळा तिला आतून टेकत असेल, तर आपटल्याचा धक्का थेट भोपळ्यालाच बसतो. म्हणून त्याच्या तळाशी आणि दोन्ही कुशींना निदान दोन बोटे जाडीचा फोम हवा. त्याहूनही दुर्लक्षित जागा गळ्याची, म्हणजे भोपळा आणि दांडी जुळतात त्या सांध्याची: दांडी अधांतरी राहिली, तर पेटी पडताच सारा हिसका त्या सांध्यावर येतो, तेव्हा दांडीखाली सुती चादरीची घट्ट घडी द्यावी. मग पेटी बंद करून हलवावी आणि आत जराही हालचाल जाणवली, तर पुन्हा उघडून भरावी. तारा चार-पाच सूर उतरवाव्यात, पण पूर्ण सोडू नयेत. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, नुसत्या तारांच्या दाबावर बसलेली असेल, तर ती सरकते आणि लावलेली जवारी (घोडीचा माथा घासून तारांना आणलेला गुंजता नाद) बिघडते. तिच्या कडेने तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, पेन्सिलीची बारीक खूण केलेली बरी. ‘नाजूक’ची चिठ्ठी कोण वाचतो, हा निराळाच विषय आहे.

तूनकाष्ठ:
वरील सल्ल्याशी सहमत. अनेक विमान कंपन्या सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरपर्यंतच धरतात. तानपुऱ्याची पेटी त्यात बसत नाही, म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. तिथे हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा फार कोरडी होते, त्यामुळे पोचल्यावर पेटी रात्रभर बंदच ठेवावी. आणि घोडी कशाची आहे, तेही पाहावे. जुन्या घोड्या हस्तिदंताच्या किंवा सांबरशिंगाच्या असत, आणि या दोन्ही वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी आहे.

खर्जपंचम:
आभारी आहे. घोडी आजोबांच्या तंबोऱ्यावरची, म्हणजे सांबरशिंगाचीच आहे. ती इथेच ठेवून साध्या हाडाची बसवून घेतो. जवारी मात्र नव्याने काढावी लागेल, तेव्हा रविवारी मिरजेला जाणे आले.