हेत्वाभास, तर्कदोष की शब्दच्छल? घरच्या वादात कोणता शब्द वापरावा?

परवा आत्याशी बोलताना अडले, म्हणून विचारते आहे. आत्या सकाळ-संध्याकाळ मिशरी लावते. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिनं तोंडाचा कॅन्सर होतो, हे मी तिला समजावत होते. ती म्हणाली, "तुझ्या आजीनं जन्मभर मिशरी लावली. नव्वदीत गेली, तोवर फुटाणे खात होती." मी पटकन म्हटलं, "आत्या, हा हेत्वाभास झाला." तिचं बोट डबीतच थांबलं. "म्हणजे? मी खोटं बोलते होय गं?" मग 'तर्कदोष' म्हणून पाहिलं, तर म्हणाली, "तर्क तू लढवतेस. मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते."

आजीबद्दल ती खरंच बोलत होती. मग चूक नेमकी कुठे आहे, हे तिला न दुखवता सांगणारा शब्द कोणता? शिवाय जाता जाता ती म्हणालीच, "आणि तू दिवसाला पाच कप चहा ढोसतेस ते?" याला काही नाव आहे का?

प्रतिसाद :

ताई, 'तर्क'बद्दल आत्याबाईंचा कान बरोबर आहे. शास्त्रात तर्क म्हणजे विचाराची पद्धत, पण बोलीत आपण तर्क बांधतो, लढवतो, म्हणजे अंदाजच करतो. 'तर्कट' तर थेट कुभांडाच्या अर्थानं येतं. त्यामुळे तर्कशास्त्राच्या पुस्तकात 'तर्कदोष' चोख असला, तरी स्वयंपाकघरात तो 'तुझा अंदाज चुकला' असाच ऐकू येतो.

'हेत्वाभास' मला जास्त आवडतो. हेतू म्हणजे इथे उद्देश नव्हे, तर कारण, आधार. जे आधारासारखं दिसतं पण आधार नसतं, तो हेत्वाभास. त्यात खोटेपणाचा आरोप नाही. आभास बोलणाऱ्यालाही झालेला असतो, हे त्या शब्दातच आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वादाच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, हेत्वाभास पाच सांगितले आहेत आणि 'छल' मुद्दाम वेगळा ठेवला आहे, कारण छलात समोरच्याचा शब्द जाणूनबुजून फिरवलेला असतो. त्या सूत्रांवरच्या भाष्यातलं उदाहरण प्रसिद्ध आहे : एकजण म्हणतो, 'हा मुलगा नवकंबल आहे', म्हणजे त्याची कांबळी नवी आहे. पण संस्कृतात 'नव' म्हणजे नऊही. दुसरा म्हणतो, 'नऊ कुठे आहेत? एकच तर दिसते!' हा वाक्छल. फळ, जळ यांच्याप्रमाणे छलाचा मराठीत 'छळ' झाला आणि अर्थ गांजण्याकडे गेला, पण 'शब्दच्छल'मध्ये जुना अर्थ शाबूत आहे. आत्याबाईंच्या बोलण्याला शब्दच्छल म्हणणं अन्यायाचं होईल.

प्रतिसाद :

संस्कृतात जायचीही गरज नाही. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण घ्या. ती चुकीची नाही, हे आधी मान्य करायला हवं. एका भांड्यातल्या सगळ्या दाण्यांना एकच पाणी, एकच आच आणि सारखाच वेळ मिळालेला असतो. म्हणून एक शीत बोटांनी दाबलं की भात शिजला का ते कळतं. आता आजीचं बघा. मिशरी लावणाऱ्या सगळ्या बायका एका भांड्यातल्या आहेत का? शरीर वेगळं, खाणं वेगळं, सवय किती वर्षांची तेही वेगळं. शिवाय ज्या लवकर गेल्या, त्यांची गोष्ट सांगायला मागे कुणी असेलच असं नाही. नव्वदीपर्यंत जगलेली आजीच घरात आठवणीत राहते. शीत खरं आहे, पण भांडं एक नाही. मी आईला असंच सांगितलं होतं.

'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' ही दुसरी. संस्कृतातला काकतालीय न्याय तोच, फक्त तिथे फांदीऐवजी ताडाचं फळ पडतं. अमक्या बाबांचा अंगारा लावला आणि ताप उतरला, असं कुणी सांगितलं की मी एवढंच विचारतो, 'ताप कितव्या दिवशी उतरला?' साधा ताप बहुतेक वेळा चार-पाच दिवसांत आपोआपही उतरतो.

प्रतिसाद :

चहाच्या टोमण्याला नाव आहे, आणि फार नेमकं आहे : मतानुज्ञा. न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात वादात हरल्याच्या बावीस खुणा दिल्या आहेत. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यातली ही एक. आपल्यावरचा दोष न खोडता 'तो तुझ्यातही आहे' म्हणणं म्हणजे मतानुज्ञा. अनुज्ञा म्हणजे संमती. 'तू पण तसाच' म्हणणाऱ्यानं स्वतःवरचा आरोप मुकाट्यानं मान्य केलेला असतो. 'आधी स्वतःचं बघ' या आपल्या बोलण्यात ही छटा येत नाही, म्हणून हा शब्द पुन्हा वापरात यावा असं मला मनापासून वाटतं. टीव्हीवरच्या चर्चांत तर रोज लागेल. 'तुमच्या काळात काय झालं होतं?' ही निव्वळ मतानुज्ञा आहे.

त्याच यादीत 'अननुभाषण' आहे. समोरच्यानं तीनदा सांगितलं, सभेलाही समजलं, तरी त्याचं म्हणणं जसंच्या तसं परत म्हणता आलं नाही, तर तुम्ही हरलात. दुसऱ्याच्या म्हणण्याचं बुजगावणं उभं करून त्यालाच झोडपणाऱ्यांना यापेक्षा चांगला नियम माझ्या पाहण्यात नाही. 'म्हणजे सणच साजरे करू नका म्हणता का?' असं कुणी अंगावर आलं, की मी शांतपणे विचारते, 'मी काय म्हणाले, ते माझ्याच शब्दांत सांगाल?' मी डेसिबलबद्दल बोललेली असते, सणाबद्दल नाही.

प्रतिसाद (पुन्हा मीच) :

सगळ्यांचे आभार. काल आत्या तांदूळ निवडत बसली होती, तेव्हा शितांचं सांगितलं. हातातलं ताट तिनं खाली ठेवलं. "बरं, एक शीत नको. मग किती बघायची? आणि कुठली?" खरा प्रश्न हाच आहे, आणि मला उत्तर देता आलं नाही. 'नमुना' म्हणणार होते, पण आमच्याकडे तऱ्हेवाईक माणसालाच नमुना म्हणतात.

प्रतिसाद :

वानगी म्हणा. 'वानगीदाखल' आपण रोज लिहितो, पण वानगी हा मूळचा बाजारातला शब्द. आमचे वडील धान्याचे व्यापारी होते. गाडी आली की ते वरच्या पोत्यातलं धान्य कधीच बघत नसत, कारण चांगला माल विकणारा वरच ठेवतो. मधलं एक, तळातलं एक, कडेचं एक अशा पोत्यांत टोकदार नळी खुपसून प्रत्येकातली मूठभर वानगी ते वेगवेगळ्या कागदावर काढायचे आणि मगच भावाचं बोलायचे. आत्याबाईंना सांगा, आजी म्हणजे वरचं पोतं.