अमेयची क्लच प्लेट

अमेय (बी-४०२): आली एकदाची गाडी. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळा सेट नवा. मिस्त्रीने जुनी प्लेट हातात दिली. अस्तर इतकं झिजलेलं की रिव्हेटची डोकी बोटाला लागत होती, प्रेशर प्लेटवर निळे डाग. फक्त ४१ हजार किमी! वर म्हणतो, "भिया, आप गाड़ी ब्रेक से नहीं, क्लच से रोकते हो."

पटवर्धन काका (बी-१०१): मी सांगितलं होतं, गिअरने रोकत जा.

अमेय: तेच केलं ना काका! पलासियापासून विजयनगरपर्यंत प्रत्येक सिग्नलला पाच, चार, तीन, दोन. 😭

सेक्रेटरी: नर्मदेचं पाणी आज संध्याकाळी ६ ला. टाक्या बघून घ्या. बाकी चालू द्या.

सुप्रिया (ए-२०१): पीथमपूरच्या कारखान्यात गिअरबॉक्समध्येच आयुष्य चाललंय म्हणून बोलते. अमेय, क्लच दाबलास की इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास उतरतं. ६० च्या वेगात तिसऱ्या गिअरला त्याला साधारण ३००० ला फिरायला हवं. ती तफावत भरून कोण काढतं? तू क्लच हळूहळू सोडतोस तेव्हा प्लेट घासत घासत इंजिनला वर ओढते. सिग्नलला तीन-तीनदा तेच. म्हणून ते निळे डाग.

अमेय: मग हळू सोडायचा नाही? ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तर तेच घोकून घेतलं.

सुप्रिया: पहिल्यात गाडी उचलताना हळूच. खालचा गिअर टाकताना मात्र क्लच सोडायच्या आधी अॅक्सिलरेटरला हलका धक्का दे, इंजिन त्या गिअरच्या वेगावर येतं, मग सरळ सोड. बरोबर जमलं तर मागे बसलेल्याला कळतही नाही.

काका: आम्ही ट्रकवर हेच करायचो. दोनदा क्लच! न्यूट्रलला आणून क्लच सोडायचा, रेस द्यायची, पुन्हा दाबून गिअर. नाहीतर असा कर्रर आवाज, की ढाब्यावरचे लोक माना वळवायचे.

सुप्रिया: काका, आता आत सिंक्रोची पितळी रिंग असते, ती शाफ्टचा वेग जुळवून देते. दोनदा क्लचची गरज नाही. पण दांडा झटक्याने ठोकला की तीच रिंग झिजते, मग दुसरा गिअर कुरकुरायला लागतो. दाबून धरा, क्षणभरात आपोआप आत सरकतो.

मंजिरी काकू (सी-३०३): आमचे हे ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात न्यूट्रल करतात. पेट्रोल वाचतं म्हणे. मागच्या वेळी खाली पोचेपर्यंत जळका वास येत होता.

सुप्रिया: काकू, त्यांना आज चहा देऊ नका. 🙏 वास ब्रेकचा होता. पॅड तापत गेले की पकड सुटत जाते, आणि न्यूट्रलमध्ये सगळा भार त्यांच्यावरच. पेट्रोलही वाचत नाही. इंजेक्शनवाली गाडी गिअरमध्ये असेल, पाय अॅक्सिलरेटरवरून काढला असेल, तर इंजेक्टर इंधन बंदच करतो. न्यूट्रलला मात्र आयडलपुरतं जळत राहतं. त्यात इंजिन बंद केलंत तर दोन-तीन दाबांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

काका: चढायला जो गिअर, उतरायला तोच. हे मी १९७९ पासून सांगतोय.

सुप्रिया: घाटात शंभर टक्के काका. सिग्नलला नाही. पॅड चाक काढून तासाभरात बदलतात, क्लचला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सिग्नलला ब्रेक मार, इंजिन थरथरायच्या आत क्लच दाब, बस.

अमेय: पाचवरून थेट दोन चालेल?

सुप्रिया: वेग दुसऱ्याजोगा झाला असेल तर खुशाल. १०० ला चौथ्याऐवजी चुकून दुसरा टाकून क्लच सोडलास तर मात्र चाकं इंजिनला मीटरवरच्या लाल पट्ट्यापलीकडे नेतील. इंजिन फार पळू नये म्हणून लिमिटर इंधन तोडतो, चाकांचं काय तोडणार? आणि गिअरच्या दांड्यावर हात टाकून बसायची तुझी सवयही मी बघितलीय. गिअर सरकवणारा आतला फोर्क घासतो.

अमेय: 😶 रविवारी सकाळी सुपर कॉरिडॉरला शिकवाल?

सुप्रिया: पोहे-जलेबी तुझ्याकडून.

काका: मीही येतो. मागे बसून कळतं का बघतो.

सेक्रेटरी: काका, आधी गेटसमोरची तुमची गाडी काढा. टँकर अडलाय. वॉचमन दहा मिनिटं ढकलतोय, हलत नाहीये.

काका: कशी हलेल, गिअरमध्ये ठेवलीय. आलो.