जिप्सीचा पेट्रोल भरण्याचा पाइप गंजून गळतो आहे : जुनाच सांधावा की स्टेनलेसचा नवा करून घ्यावा?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे 1998 सालची, कार्बोरेटरची मारुती जिप्सी आहे. आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे चोर्ल्याच्या वाटेवर राहतो, त्यामुळे पावसाळाभर गाडी पाण्यात आणि तांबड्या चिखलातच फिरते. झाकणापासून टाकीपर्यंत जाणारा लोखंडी पाइप आता गंजून गळू लागला आहे.

पंपावर पेट्रोल भरताना मागच्या चाकाजवळ थेंब पडू लागतात आणि नोझल काढले की थोड्या वेळाने थांबतात. टाकी निम्म्याच्या खाली असली की वासही येत नाही, पण ती भरलेली असताना कणकुंबीकडच्या वळणांवर गाडी कलली की पेट्रोलचा वास थेट आत येतो. त्यावरून टाकी शाबूत असून दोष पाइपातच आहे, असा माझा तर्क आहे. शिवाय जोराच्या पावसानंतर इंजिन मिसिंग करते आणि फिल्टरमध्ये पाणी व तांबूस गाळ सापडतो. चाकाने उडवलेले पाणी त्याच भोकांतून आत जात असावे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असल्याने थोडे पाणी त्यात मुरून जाते, पण ते जास्त झाले की इथेनॉलसकट तळाशी बसते आणि नेमके तेच कार्बोरेटरकडे ओढले जाते.

मडगार्डच्या आतला पत्रा काढून पाहिला. पाइपाला बॉडीशी धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली चिखल दगडासारखा बसला होता. तो खरवडताना गंजाचे पापुद्रे सुटून आले आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक जोर न लावताच आरपार गेले. झाकण बसते ते तोंड मात्र ठणठणीत आहे. शेजारून जाणारा हवेचा बारीक पाइप त्याच पट्टीपाशी फुगला आहे, आणि टाकीकडच्या रबरी होजला बोटाने वाकवल्यावर दिसतील असे तडे गेले आहेत.

गावातल्या मिस्त्रींचे म्हणणे असे की, घासून इपॉक्सीची पुट्टी भरावी. दुसऱ्या एका गॅरेजात टाकी रिकामी करून गाडीवरच वेल्डिंग मारून देतो म्हणाले, तेव्हा मी तिथून निघालोच. मूळ सुटा भाग बेळगावात मिळाला नाही; कोल्हापुरात मोडीतल्या गाडीचा एक पाइप पाहिला, पण तोही पट्टीच्या त्याच जागी गंजलेला. तो घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

तेव्हा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत स्टेनलेसचा पाइप वाकवून आर्गन वेल्डिंगने जोडून घ्यावा, असा विचार आहे. जुने तोंड कापून नव्या पाइपाला जोडता येईल का, कोणता दर्जा आणि किती जाडी घ्यावी, आणि हवेचा पाइप बदलणे खरोखर गरजेचे आहे का, हे जाणकारांनी सांगावे. आर.सी. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यायची आहे, त्याआधी काम पक्के व्हावे अशी इच्छा आहे.

उत्तर, निपाणीहून :

नमस्कार साहेब. आपण त्या गॅरेजातून निघालात हे फार चांगले केलेत. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते, कारण आत उरलेली वाफ आणि हवा यांचे पेट घेणारे मिश्रण तयार होते. ही वाफ हवेपेक्षा जड असते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते. म्हणून पाइप पूर्ण सोडवून घ्या, टाकीचे तोंड घट्ट बंद करा आणि वेल्डिंगला फक्त पाइप न्या, गाडी नको. नेण्यापूर्वी तोही साबणाच्या पाण्याने आतून धुऊन वाळवा. पुट्टीचे म्हणाल तर गंजलेल्या पत्र्यावर ती धरत नाही. पंपापासून घरापर्यंत येण्यापुरता तो उपाय ठीक आहे.

304 दर्जाच्या स्टेनलेसचा, 16 गेजचा (साधारण 1.6 मिमी जाडीचा) पाइप पुरेसा आहे. जुने तोंड जरूर ठेवा, कारण झाकणाच्या खाचा नव्याने करणे कटकटीचे असते. साधे लोखंड आणि स्टेनलेस जोडताना 309 दर्जाची वेल्डिंगची सळई वापरायला सांगा आणि त्या सांध्यावर बाहेरून प्रायमर व रंग द्या, नाहीतर गंज पहिल्यांदा तिथेच धरेल. आतला व्यास आणि बाक जुन्याबरहुकूम ठेवा. त्यासाठी जुना पाइप फेकू नका, नमुना म्हणून सोबत न्या. स्वस्त पडतो म्हणून कोणी जी.आय.चा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, पाइप सुचवेल, तो मुळीच घेऊ नका. त्याच्या जस्ताचे आणि इंधनाचे पटत नाही.

हवेचा पाइप बदलायलाच हवा. पेट्रोल आत जाताना टाकीतली हवा त्यातून बाहेर येते. तो तुंबला तर पेट्रोल उसळते आणि पंपाचे नोझल पुन:पुन्हा आपोआप बंद पडते. दोन्ही रबरी होज इंधनासाठी बनवलेल्याच घ्या, पाण्याच्या मोटारीचा तुकडा चालणार नाही, आणि दोन्ही टोकांना नव्या जुबली क्लिपा (स्क्रूने आवळायच्या पट्ट्या) लावा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. तोंड बॉडीला जिथे बोल्टने बसते तिथला रंग थोडा खरवडून धातूला धातू लागू द्या, म्हणजे पेट्रोल भरताना तयार होणारी स्थिर वीज बॉडीत उतरते. पट्टीखाली रबराचा तुकडा घाला, पण चिखल अडकणार नाही आणि पाणी निथळून जाईल अशा बेताने.

वेल्डिंग झाल्यावर एक टोक बंद करून दुसऱ्या टोकाने हलकी हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. गाडीवर चढवण्याआधी टाकीचा तळही उपसून साफ करून घ्या. तिथला गाळ राहिला तर पाइप नवा होऊनही कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे, तुंबतच राहतील.