धाक न दाखवता अ‍ॅजिलिटी: शिकवणाऱ्यांचे अनुभव

अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. तिच्या मैदानात कुत्र्याच्या गळ्यात दोरी नसते आणि हँडलरने, म्हणजे सोबत पळून खुणा करणाऱ्या माणसाने, त्याला किंवा अडथळ्याला हात लावायचा नसतो. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात हा खेळ पहिल्यांदा दाखवला गेला, घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून बेतलेला. पट्ट्याला हिसके देऊन बसवलेली शिस्त इथे पहिल्या वळणालाच संपते, कारण पुढचे अडथळे कुत्रा स्वतःच्या मर्जीनेच पळतो. तेव्हा न रागावता, न ओढता तुम्ही नेमकं काय करता ते लिहा. मापं, पायऱ्या, काय बिघडतं आणि का, हे सगळं हवं आहे, असं आम्ही शिकवणाऱ्यांना विचारलं. त्यांची उत्तरं शहरानुसार खाली.

पुणे

आधी खाऊ. उकडलेलं बिनमिठाचं चिकन किंवा पनीर, तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. मोठा तुकडा दिला की कुत्रा चावत बसतो आणि लय तुटते. दिवसभरात दिलेला खाऊ जेवणातून वजा करायचा. मनुके आणि चॉकलेट अजिबात नाही, दोन्ही विषारी आहेत.

कुत्र्याने बरोबर केलं त्या क्षणी क्लिकर, म्हणजे ‘टक्’ वाजणारी छोटी डबी, वाजवायची आणि मग खाऊ द्यायचा. क्लिक आधी, हात खिशाकडे नंतर. हा क्रम उलटला की कुत्रा उडीच्या दांड्याऐवजी तुमचा हात बघायला शिकतो. क्लिक चुकून वाजला तरी खाऊ द्यायचाच, नाहीतर त्या आवाजावरचा त्याचा विश्वास जातो. दहापैकी आठ वेळा जमलं की पुढची पायरी. लागोपाठ दोनदा चुकला तर तिसऱ्यांदा तेच करून घेऊ नका, सोपं करा. एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरतात.

नाशिक

उडीबद्दल. इलेक्ट्रिकच्या कामाचा पीव्हीसी पाइप दांड्याला उत्तम. खांबांवर तो नुसता टेकलेला असावा, धक्का लागला की पडलाच पाहिजे. खिळ्याने किंवा दोरीने पक्का केलेला दांडा पाय मोडू शकतो. सुरुवातीला दांडा जमिनीवर ठेवा. वाढ पूर्ण होईपर्यंत कुत्र्याच्या कोपराच्या वर नेऊ नका, हाडांच्या टोकांची वाढ अजून चालू असते. मोठ्या जातींना त्यासाठी दीड वर्षही लागतं. फरशीवर किंवा काँक्रीटवर उड्या नकोतच, उतरतानाचा सगळा भार पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर येतो.

दांडा पडला की लोक कुत्र्यावर ओरडतात. बहुतेक वेळा चूक आपल्या हाकेची असते. वळायची खूण त्याने जमीन सोडायच्या आधी मिळायला हवी. तो हवेत असताना नाव घेतलंत तर तो तिथेच अंग वळवतो, मागचे पाय खाली येतात आणि दांडा पडतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा, हाक कधी आली ते लगेच दिसतं.

ठाणे

सर्वांत जास्त कुत्री सी-सॉला घाबरतात. पायाखालची फळी हलते आणि मग धाडकन आवाज येतो. उचलून वर ठेवलं की ती भीती पक्की होते. त्यापेक्षा फळी जमिनीवर ठेवा आणि तिच्या मधोमध खाली दुमडलेला टॉवेल सरकवा. कुत्र्याने वर आलेल्या टोकावर पंजा ठेवला की फळी दोन-तीन सेंटिमीटर दबते आणि ‘टप्’ असा बारीक आवाज होतो. त्या क्षणी क्लिक. आवाज त्याने स्वतः केलेला असतो, आणि त्या आवाजामागून खाऊ येतो. थोड्या दिवसांत तो मुद्दाम फळी आपटायला लागतो, कान उभे, शेपूट हलतेय. मग टॉवेलच्या जागी वीट घाला, नंतर दोन विटा, आणि आपटणाऱ्या टोकाखाली जुनी योगा मॅट. पूर्ण उंची ६० सेंटिमीटर, तिथे पोचायला काही आठवडे लागतात. घाई करू नका.

घरी बनवलेली फळी तपासायची असेल तर खाली येणाऱ्या टोकाजवळच्या रंगीत पट्ट्याच्या मधोमध एक किलो मिठाची पिशवी ठेवा. साधारण तीन सेकंदांत टोक जमिनीला टेकायला हवं. यापेक्षा हळू येत असेल तर हलकं कुत्रं टोकावर लटकत राहतं आणि वैतागून उडी मारतं.

कोल्हापूर

ए-फ्रेम (दोन उतरत्या फळ्यांचा त्रिकोणी चढ-उतार) आणि डॉग वॉक (उंचावरची अरुंद फळी, दोन्ही बाजूंना उतार) यांच्या टोकाशी वेगळ्या रंगाचा पट्टा असतो, त्यावर पाय पडलाच पाहिजे. मागचे दोन पाय फळीवर, पुढचे दोन जमिनीवर, असं थांबायला शिकवा. सुरुवात घरच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर करता येते. खाऊ हातातून देऊ नका, त्याच्या पुढच्या पंजांमध्ये जमिनीवर ठेवा. हातातून दिला की तो मान वळवून तुमच्याकडे बघतो, कंबर तिरकी होते आणि मागचा पाय फळीवरून घसरतो. नखं वाढलेली असतील तरी हेच होतं.

वीव्ह पोल्स, म्हणजे नागमोडी पळायचे उभे खांब, सहा-सहाच्या दोन ओळींत, मधे सरळ गल्ली ठेवून सुरू करा आणि ती दर काही दिवसांनी तीन-चार सेंटिमीटरने अरुंद करत न्या. पहिला खांब कायम त्याच्या डाव्या खांद्याशी.

नागपूर

मैदानात मधेच जमीन हुंगणं, जांभई, ओठ चाटणं, अंग खाजवणं, याला हट्टीपणा म्हणू नका. हा ताण असतो, किंवा खूण कळलेली नसते. एक सोपा अडथळा द्या, खाऊ द्या आणि सराव थांबवा. आमच्याकडच्या गावठी कुत्र्यांना नवी वस्तू लांबून बघायला वेळ लागतो. तिच्याभोवती खाऊ विखरून ठेवा आणि आपण बाजूला व्हा.

मार्च ते जून सराव फक्त उजाडताना. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवता आली नाही तर पंजेही भाजतील. जीभ टोकाशी रुंद झाली आणि हिरड्या गडद लाल दिसल्या की लगेच सावलीत घ्या, पोटावर आणि मांड्यांवर नळाचं पाणी ओता, पंखा लावा आणि डॉक्टरांना फोन करा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते.