ओळखीत ‘नवोदित’ नको, कविता द्या
‘मी बेळगावचा नवोदित कवी, कथाही लिहितो, चुकभूल माफ असावी’ ऑनलाइन साहित्यगटात एवढ्याच ओळखीवर ‘छान, लिहीत राहा’ यापलीकडे काय प्रतिसाद येणार? गाव नेमकं सांगा, खानापूर की निपाणी. तुमचे शब्द तिथलेच असतात. ओळीत ‘वाफसा’सारखा शब्द आला तर तळटीप नको, पेरणीजोगी ओल आजूबाजूच्या ओळींतूनच जाणवू दे. सोबत 12-14 ओळींची एकच कविता द्या किंवा कथेचे पहिले 300 शब्द. आणि नेमकं विचारा: ‘तिसऱ्या कडव्यात लय अडते का?’ श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टातलं तसंच चिकटवलं तर भलतीच चिन्हं उमटतात. आधी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही नीट दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदला, मग जोडाक्षरं तपासा. बेळगावजवळच्या कडोली, उचगावच्या साहित्य संमेलनांत कविसंमेलन असतं. तिथं वाचाच, अडखळणारी ओळ लगेच कानाला लागते.