मदत हवी आहे : बारावी गणिताची उजळणी गटाने करतो, पण एकाची चूक चौघांच्या वहीत जाते

नमस्कार. आम्ही सोलापुरातील बारावी विज्ञान शाखेचे चार विद्यार्थी आहोत आणि फेब्रुवारीतील बोर्डाच्या गणिताच्या पेपरची उजळणी गेल्या दोन महिन्यांपासून एकत्र करत आहोत. अडचण एका गणितावरून लक्षात आली, म्हणून आधी ते गणितच मांडते.

शून्य ते पाय या मर्यादांमध्ये १ भागिले (१ + कॉस वर्ग एक्स) याचे इंटिग्रेशन करायचे होते. आमच्यातील एकाने अंश आणि छेद दोन्हींना सेक वर्ग एक्सने गुणले, त्यामुळे छेदात टॅन वर्ग एक्स + २ आले. मग त्याने टॅन एक्स = टी मानले आणि मर्यादा बदलल्या. टॅन शून्य म्हणजे शून्य आणि टॅन पाय म्हणजेही शून्य, तेव्हा दोन्ही मर्यादा सारख्याच झाल्या आणि उत्तर शून्य आले. पायऱ्या इतक्या सफाईदार होत्या की आम्ही तिघांनी ते तसेच वहीत उतरवले. पुस्तकात मागे ‘पाय भागिले रूट २’ असे उत्तर दिसले, तेव्हा छपाईची चूक असावी असे समजून मी त्यावर पेन्सिलने फुली मारली.

हे गणित सोडवणारा मित्र आमच्यात सर्वांत हुशार आहे. पूर्व भागातील त्याच्या घरी आम्ही जमतो. खाली यंत्रमाग चालू असल्यामुळे ओरडूनच बोलावे लागते, त्यामुळे शंका विचारण्याचाही कंटाळा येतो. तो घरी तेलुगू बोलतो, आम्हाला मराठीत समजावतो आणि वहीत सगळेजण इंग्रजीत लिहितो. आम्ही धडे वाटून घेतले आहेत आणि ज्याच्या वाट्याला जो धडा येतो, त्याने तो इतरांना शिकवायचा असे ठरवले आहे. लॉजिक, मॅट्रायसेस आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग या धड्यांत त्याने काही बिघडले नाही. डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशनमध्ये मात्र शिकवणाऱ्याची चूक चौघांचीही होते आणि चौघांचे उत्तर सारखे आले म्हणजे ते बरोबर असणार, असे आम्ही धरून चालतो.

या गणितात नेमके काय चुकले आणि गटाने उजळणी कशी करावी, या दोन्हींविषयी मार्गदर्शन हवे आहे. जानेवारीत इथे भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आमचा फारसा अभ्यास होणार नाही, तेव्हा त्याआधीच काही बदल करता आला तर बरे होईल.

प्रतिसाद १

पुस्तकातील उत्तर बरोबर आहे. शून्यापासून पायपर्यंत जाताना वाटेत पाय भागिले २ लागतो आणि तेथे टॅनची किंमतच अस्तित्वात नाही. टी शून्यापासून वाढत अनंताकडे जातो, मग उणे अनंताकडून परत शून्यावर येतो. तुम्ही फक्त निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण पाहिले, मधला तुटलेला रस्ता पाहिला नाही.

योग्य रीत अशी आहे. एक्सच्या जागी पाय उणे एक्स ठेवले तरी कॉस वर्ग बदलत नाही, म्हणून शून्य ते पाय हे इंटिग्रेशन शून्य ते पाय भागिले २ च्या दुप्पट होते. आता टॅन एक्स = टी मानले तर मर्यादा शून्य ते अनंत येतात आणि १ भागिले (टी वर्ग + २) याचे इंटिग्रेशन पाय भागिले (२ रूट २) मिळते. त्याची दुप्पट केली की पाय भागिले रूट २, म्हणजे सुमारे २.२२.

प्रतिसाद २

मी कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे गणित शिकवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हे गणित सोडवायला घेण्यापूर्वीच, उत्तर शून्य येणे शक्य नाही हे तुम्हाला कळायला हवे होते. कॉस वर्ग नेहमी ० ते १ या दरम्यान असतो, म्हणून छेद १ ते २ च्या दरम्यान आणि संपूर्ण फल अर्धा ते एक यांच्या दरम्यान राहते. मर्यादांमधील अंतर पाय आहे, तेव्हा उत्तर १.५७ ते ३.१४ च्या बाहेर जाऊच शकत नाही. असा अंदाज काढायला अर्धा मिनिट लागतो आणि त्यासाठी हुशार मित्राची गरज लागत नाही.

आता गटाविषयी. शिकवण्यासाठी धडे वाटून घेणे मला मुळीच पसंत नाही. प्रत्येकाने गणित एकट्याने, पूर्ण, कागदावर सोडवावे आणि तोवर कोणी तोंड उघडू नये. मग चारही कागद शेजारी ठेवावेत आणि ज्याचे उत्तर वेगळे आले असेल त्याने आधी बोलावे. हुशार मुलाने सर्वांत शेवटी बोलावे, तेही कोणी विचारले तरच. वेळ जास्त जाईल हे मला ठाऊक आहे. म्हणून ही रीत चार गुणांच्या प्रश्नांसाठी ठेवा, कारण त्या विभागात आठपैकी पाच सोडवायचे असतात आणि २० गुण तेथेच असतात. दोन गुणांचे प्रश्न घरी करा. जाता जाता एक सांगतो. बहुपर्यायी प्रश्नांत पर्यायाच्या अक्षरासोबत उत्तरही लिहावे लागते, नुसते अक्षर लिहिल्यास गुण मिळत नाहीत.

धागा सुरू करणारी

दोघांचेही मनापासून आभार. सरांनी सांगितलेली रीत रविवारी करून पाहिली. व्हेक्टरमधील तीन गणितांना एक तास वीस मिनिटे लागली आणि पहिल्याच गणितात चौघांची तीन वेगवेगळी उत्तरे आली. ते समांतरषट्फलकाच्या घनफळाचे होते. कागद शेजारी ठेवल्यावर दिसले की तीन बाय तीनचा डिटर्मिनंट उलगडताना मधल्या पदाचे उणे चिन्ह आम्हा दोघींकडून राहून गेले होते, आणि जुन्या वह्या उघडल्या तर हीच चूक मागच्या महिन्यातही सापडली. तिसऱ्याने एक संख्या प्रश्नपत्रिकेतून चुकीची उतरवून घेतली होती. हुशार मित्राचे उत्तर बरोबर होते, पण त्याला शेवटपर्यंत गप्प बसवणे हेच त्या दिवशीचे सर्वांत अवघड काम ठरले.

एक शंका उरली आहे. डिफरन्शिअल इक्वेशनमध्ये असा अंदाज आधी काढता येत नाही. तेथे आलेले उत्तर मूळ समीकरणात घालून पाहणे एवढाच उपाय आहे का आणि परीक्षेच्या तीन तासांत त्याला वेळ पुरतो का?

प्रतिसाद २

होय, उत्तराचे डिफरन्सिएशन करून समीकरण परत मिळते का, हे पाहणे हाच तेथील खात्रीचा मार्ग आहे. सरावात ते प्रत्येक वेळी करा. परीक्षेत मात्र सुरुवातीची अट दिलेली असेल तेव्हा ती उत्तरात घालून सी या स्थिरांकाची किंमत एकदा तपासा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. पुस्तकावर मारलेली ती पेन्सिलची फुलीही आता खोडून टाका.