उन्हात ४७, कडुलिंबाखाली ३५: मुलांना हवेचं तापमान कोणतं सांगू?

सहकारनगरची_ताई
दुसरीच्या वर्गाला शिकवते, सकाळची शाळा आहे. परवा साडेअकराला मुलांना मैदानात नेलं. लाल द्रवाचे दोन थर्मामीटर होते. एक उन्हात शहाबादी फरशीवर ठेवला, दुसरा कडुलिंबाच्या फांदीला टांगला. फरशीवरचा ४७ वर गेला, सावलीतला ३५ वर थांबला. "उन्हातली हवा १२ अंशांनी जास्त गरम" असं मी फळ्यावर लिहिणार, एवढ्यात एक मुलगी म्हणाली, "ताई, वारा तर मैदानातनंच झाडाकडे येतोय. मग तो येता येता गार होतो का?"

मी खडू खाली ठेवला. "उद्या सांगते" म्हणाले त्याला तीन दिवस झाले. सात वर्षांच्या मुलांना कळेल, पण खोटं नसेल, असं काय सांगावं?

निवृत्त_निरीक्षक
ताई, त्या मुलीला आधी शाबासकी द्या. तिची शंका अगदी रास्त आहे. वारा असताना झाडाखालच्या आणि मैदानातल्या हवेत फार फरक पडत नाही. तुमच्या उन्हातल्या थर्मामीटरने हवा मोजलीच नाही. स्वतःच्या अंगावर पडलेलं ऊन आणि खालची तापलेली फरशी, एवढंच त्याने दाखवलं.

म्हणून तर वेधशाळेत थर्मामीटर पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. चारी बाजूंनी झडपा, वारा आरपार, ऊन आत नाही. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं, त्यावरून शिवाजीनगरच्या इमारतीला आजही शिमला ऑफिस म्हणतात. माझी उमेदीची वर्षं अशा पेटीची दारं उघडण्यात गेली. दार नेहमी उत्तरेला, आकडा वाचताना ऊन आत शिरू नये म्हणून.

मुलांना क्रम सांगा. ऊन हवेतून बरंचसं तसंच खाली येतं, जमीन तापवतं. जमीन तिला लागून असलेली हवा तापवते, ती हलकी होऊन वर जाते. पत्र्याच्या छपरावर दुपारी हवा लहरताना दिसते, ती हीच. आता त्याच फरशीवर पुन्हा मोजा, एकदा घोट्याच्या उंचीला, एकदा मुलांच्या छातीच्या उंचीला. दोन्ही वेळा वर पांढऱ्या पुठ्ठ्याची सावली धरा, पण पुठ्ठा जरा लांब, वारा लागू दे. चार-पाच मिनिटं घाई करू नका.

पाषाणची_आई
आमच्याकडचा प्रश्न वेगळा होता: सूर्य डोक्यावर असताना नाही, तीन वाजता जास्त का उकडतं? आम्ही गच्चीत काठी उभी करून सावलीवर खडूने खुणा केल्या. सर्वांत आखूड सावली साडेबाराच्या सुमारास आली, बाराला नाही. आपलं घड्याळ पुण्याच्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं आहे ना. उकाड्याचं मात्र तव्यावर समजलं. ज्योत जरा बारीक केली तरी तवा थोडा वेळ तापतच राहतो. भाकरी करताना लेकाने स्वतः पाहिलं, तेव्हा पटलं.

सहकारनगरची_ताई
काका, आज केलं. कडुलिंबाखाली ३५. मैदानात पुठ्ठ्याच्या सावलीत छातीच्या उंचीला ३६, घोट्याशी ३८. आधीचं ४७ मी मुलांसमोर पुसलं आणि माझं कुठे चुकलं तेही सांगितलं. ती मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे झाडाखाली वारा गार होत नाही, आपल्या अंगावरचं ऊन जातं!" इतकं नेमकं मला तीन दिवसांत सुचलं नव्हतं.

तव्याचं उद्या सांगते. आज वेळच उरला नाही, कारण घोट्याशी ३८ ऐकल्यावर मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "मग गेटवरच्या कुत्र्याला आपल्यापेक्षा जास्त उकडत असेल ना?" शाळा सुटताना मुलांनी पाण्याची थाळी फरशीवरून उचलली आणि कडुलिंबाखाली मातीत नेऊन ठेवली.